टी-स्कोअर सुधारला, बरं झालं, पण हाड मोडायचं थांबलं का?

अमेरिकेच्या औषध नियामकाकडे, म्हणजे एफडीएकडे, हाडांच्या संशोधकांनी बरीच वर्षं एक मागणी लावून धरली आणि वरवर बघितलं तर ती अगदी रास्त वाटते. मागणी अशी, की ऑस्टिओपोरोसिसच्या, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराच्या, नव्या औषधाची ट्रायल करताना किती जणांची हाडं मोडली हे मोजत बसण्याऐवजी दोन वर्षांत खुब्याच्या हाडाची घनता किती वाढली एवढंच बघावं आणि त्यावर परवानगी द्यावी. यासाठी सेबर नावाचा एक मोठा प्रकल्पच चालवला गेला, जुन्या ट्रायल्समधला एकेका पेशंटचा डेटा कंपन्यांकडून मागून आणून एकत्र केला. त्यातलं २०२० साली छापून आलेलं विश्लेषण २३ ट्रायल्सचं आणि ९० हजारांहून जास्त पेशंट्सचं आहे, आणि त्याचा निष्कर्ष असा की ज्या औषधाने खुब्याची घनता जास्त वाढते त्याने फ्रॅक्चरही जास्त कमी होतात. मागणीमागची अडचणही खरी आहे. फ्रॅक्चर मोजायचे तर हजारो लोक लागतात, तीन ते पाच वर्षं लागतात, आणि आता चांगली औषधं हाताशी असताना ज्याचं हाड उद्या मोडू शकतं अशा माणसाला तीन वर्षं नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली खोटी गोळी, देणं कुठलीही एथिक्स कमिटी सहजासहजी मान्य करत नाही. त्यामुळे नवीन औषधांचा ओघच आटलाय.

हिशोब म्हणून मला त्या विश्लेषणात खोट दिसत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. घनतेचा आकडा आधीच या सगळ्या क्षेत्राच्या डोक्यावर बसलेला आहे, संशोधन त्याच्याभोवती फिरतं, आणि ज्या माणसांची हाडं खरोखर मोडतात ती माणसं बहुतेक ट्रायल्समध्ये घेतलीच जात नाहीत. कंपन्यांचा रस्ता सोपा करायचा असेल तर करा बापडे, पण मग सार्वजनिक पैसा, म्हणजे सरकारी ग्रँट, विद्यापीठांचे फंड, हे सगळं त्या वगळलेल्या माणसांवर खर्च झालं पाहिजे. कंपनी जे विचारणारच नाही ते विचारायचं काम तरी कोणी करायला नको का?

आधी तो आकडा काय आहे ते बघू. डेक्सा स्कॅनच्या टेबलावर माणूस उताणा झोपतो, वरून मशीनचा हात सरकत जातो, दोन वेगवेगळ्या ताकदीचे एक्स-रे शरीरातून जातात आणि मऊ भाग वजा करून हाडातल्या खनिजाचा अंदाज काढला जातो. दहा-पंधरा मिनिटांत रिपोर्ट हातात, त्यावर हिरवा, पिवळा, लाल पट्टा आणि त्यात एक ठिपका. ठिपका कुठे पडलाय ते बघून माणूस घरी जाताना खूश तरी असतो नाहीतर घाबरलेला तरी. टी-स्कोअर म्हणजे तुमची घनता तरुण निरोगी बाईच्या सरासरीपासून किती दूर आहे ते. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९९४ साली मारली, आणि ती मारली होती मुख्यतः पाळी गेलेल्या गोऱ्या बायकांमध्ये हा आजार किती आहे हे मोजता यावं म्हणून. लोकसंख्येचा अंदाज घ्यायला आखलेली रेघ, ती हळूहळू एकेका माणसाला गोळी द्यायची की नाही हे ठरवायला लागली.

बरं, मशीनलाही फसवता येतं, म्हणजे वय आपोआपच फसवतं. म्हातारपणी कमरेच्या मणक्यांना संधिवाताने कडेकडेने हाडाचे काटे फुटलेले असतात, समोरच्या महाधमनीत कॅल्शियम साचलेलं असतं, एखादा मणका दबून चपटा झालेला असतो, आणि हे सगळं स्कॅनमध्ये 'घनता' म्हणून मोजलं जातं. दबलेला मणका म्हणजे खरं तर झालेलं फ्रॅक्चर, पण आकडा मात्र त्यामुळे चांगला दिसतो! चांगला टेक्निशियन आणि चांगला वाचणारा डॉक्टर असेल तर तो मणका हिशोबातून वगळतो. नसेल तर पेशंटला सांगितलं जातं, तुमचा मणका उत्तम आहे.

आणि मुख्य गोष्ट, त्या रेघेच्या वरच्या लोकांचीच हाडं जास्त मोडतात, दर माणशी धोका कमी असतो पण माणसंच कितीतरी जास्त. रॉटरडॅममधल्या मोठ्या पाहणीत (२००४) मणका सोडून इतर हाडं मोडलेल्या बायकांपैकी जेमतेम ४४ टक्के उणे २.५ च्या खाली होत्या, पुरुषांत तर २१ टक्केच. त्याच वर्षी अमेरिकेतल्या सुमारे दीड लाख बायकांच्या नोरा नावाच्या अभ्यासात फ्रॅक्चर झालेल्या ८२ टक्के बायकांचा टी-स्कोअर उणे २.५ पेक्षा चांगला होता (तिथे घनता मनगट, टाच, बोट अशा ठिकाणी मोजली होती, हेही लक्षात ठेवायला हवं). म्हणजे आकडा निरुपयोगी आहे असं नाही, कमी घनता म्हणजे जास्त धोका हे पक्कंच आहे, पण धोका आणि आजार यात फरक असतो आणि तो रिपोर्टवरच्या लाल पट्ट्यात कुठेतरी हरवतो.

घनता वाढली म्हणजे हाड मजबूत झालं, असं धरून चालल्याचा सगळ्यात मोठा फटका बसला तो फ्लोराइडच्या वेळी. फ्लोराइडने हाड बनवणाऱ्या पेशी जोरात कामाला लागतात हे माहीत होतं, डॉक्टर ते वापरतही होते. मग मेयो क्लिनिकच्या रिग्ज आणि सहकाऱ्यांनी २०२ बायकांवर चार वर्षांची नीट ट्रायल केली, १९९० मध्ये ती छापून आली, रोज ७५ मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड विरुद्ध प्लासिबो, कॅल्शियम दोघींनाही. कमरेच्या मणक्याची घनता ३५ टक्क्यांनी वाढली. पस्तीस! आजचं कुठलंही औषध एवढं करत नाही. मणक्याची फ्रॅक्चर्स मात्र लक्षणीय कमी झाली नाहीत आणि मणक्याव्यतिरिक्त इतर हाडांची फ्रॅक्चर्स फ्लोराइडवाल्या गटात तिपटीच्या आसपास गेली. हाड भरलं होतं पण नीट बांधलं गेलं नव्हतं. सेबरवाले म्हणतील की आम्ही खुब्याची घनता म्हणतोय, मणक्याची नाही, आणि फ्लोराइड हा अपवाद आहे, आताच्या औषधांचा डेटा बघा. मान्य. पण आताच्या औषधांवरून बनवलेला नियम उद्याच्या, वेगळ्याच पद्धतीने काम करणाऱ्या औषधाला लागू पडेल याची हमी कोण देणार, ते काही मला कळलेलं नाही.

शिवाय घनता कमी असण्याची कारणं एकच नसतात, हे तर वैद्यकीयच्या कुठल्याही विद्यार्थ्याला माहीत असतं पण स्कॅन सेंटरच्या रिपोर्टला माहीत नसतं. ऑस्टिओमलेशियात, म्हणजे मोठ्यांच्या मुडदुसात, हाडाचा साचा असतो पण त्यात खनिज भरलेलं नसतं, डेक्सावर घनता कमीच येते आणि माणूस ऑस्टिओपोरोसिसचा म्हणून शिक्का घेऊन बसतो, मग हाडाची झीज थांबवणारं औषध सुरू होतं, जे इथे चुकीचं आहे कारण झीज हा प्रश्नच नाही, भरण हा प्रश्न आहे. साधी रक्ततपासणी, अल्कलाइन फॉस्फटेज, कॅल्शियम, फॉस्फरस, व्हिटॅमिन डी, पॅराथायरॉइड हार्मोन, एवढ्यात बहुतेक वेळा उलगडा होतो. मांड्या दुखतात, जिना चढताना हात टेकवावा लागतो, चाल बदकासारखी झालीय, हे ऐकून घेतलं तर रक्ततपासणीच्या आधीच होतो. दुसऱ्या टोकाला ऑस्टिओपेट्रोसिस, जुनं हाड मोडून काढणाऱ्या पेशीच नीट काम करत नाहीत, हाड एक्स-रेवर पांढरंफटक, घनता भरमसाट आणि तरी ते सहज मोडतं. एकच मशीन, एकच आकडा, आणि त्यामागे किती वेगवेगळे आजार.

(दुर्मिळ हाडांच्या आजारांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत खरोखर छान काम झालंय हे इथे सांगून टाकतो. एफजीएफ-२३ नावाचं हार्मोन लघवीवाटे फॉस्फेट घालवतं हे कळलं आणि त्याच्यावरच नेम धरणारं बुरोसुमॅब २०१८ मध्ये आलं, हायपोफॉस्फटेशिया या हाडात खनिज न भरण्याच्या जन्मजात आजारासाठी अस्फोटेज अल्फा २०१५ मध्ये आलं, ज्यात जगण्याची आशा नसलेली बाळं वाचली. आजार का होतो ते आधी समजून घेतलं, मग औषध शोधलं. औषधांच्या किमती हा वेगळा आणि चीड आणणारा विषय, त्यात आता शिरत नाही.)

आता व्हिटॅमिन डी. हाही एक आकडाच. रक्तात दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम पुरेसे का ३० हवेत यावर दोन मोठ्या संस्थांमध्ये २०११ पासून वाद, आणि जी रेघ धराल त्यानुसार निम्मं जग 'डेफिशियंट' ठरतं किंवा ठरत नाही. आकडा वाढवण्याच्या नादात काय काय झालं बघा. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या २२५६ बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट्सचा डोस दिला, विचार असा की रोजची गोळी विसरतात तर एकदाच देऊन टाकू, आणि २०१० मध्ये निकाल आला तेव्हा डोसवाल्या बायका १५ टक्के जास्त पडल्या होत्या आणि त्यांची फ्रॅक्चर्स २६ टक्के जास्त होती. कॅनडातल्या कॅल्गरीमध्ये रोज ४००, ४००० आणि १०००० युनिट्स असे तीन गट तीन वर्षं चालवले, जास्त डोसवाल्यांच्या मनगटाच्या हाडाची घनता उलट कमी झाली. मग अमेरिकेतली व्हायटल ट्रायल, २५,८७१ माणसं, रोज २००० युनिट्स, पाचेक वर्षं, फ्रॅक्चरमध्ये काहीही फरक नाही. शेवटी २०२४ मध्ये त्या दोन संस्थांपैकी एक असलेल्या एंडोक्राइन सोसायटीने स्वतःचंच ते ३० चं लक्ष्य सोडून दिलं आणि निरोगी माणसांची सरसकट तपासणी करू नका म्हणून सांगितलं.

पण यावरून 'डी म्हणजे थोतांड' असं म्हणणारे पण चुकतात, आणि इथेच माझा मुद्दा येतो. १९९२ साली फ्रान्समधल्या नर्सिंग होममध्ये (म्हणजे आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे, म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणारं निवासी केंद्र) राहणाऱ्या ३२७० म्हाताऱ्या बायकांना रोज १.२ ग्रॅम कॅल्शियम आणि ८०० युनिट्स डी दिलं तर दीड वर्षात खुब्याची फ्रॅक्चर्स ४३ टक्के कमी झाली. दोन्ही ट्रायल्स खऱ्या, दोन्ही नीट केलेल्या. फरक एवढाच की व्हायटलमधली माणसं बहुतेक धडधाकट, त्यांना कमतरताच नव्हती, आणि फ्रान्समधल्या बायका ८४ च्या आसपासच्या, घरात बसून असलेल्या, ऊन न बघणाऱ्या, पोटात कॅल्शियम कमी जाणाऱ्या. ज्याला गरज आहे त्याला दिलं की उपयोग होतो, नाही त्याला नाही होत, एवढी उघड गोष्ट सिद्ध करायला तीस वर्षं आणि लाखभर निरोगी माणसं खर्ची पडली, आणि त्या मधल्या काळात नर्सिंग होममध्ये परत किती मोठ्या ट्रायल्स झाल्या तर बोटांवर मोजण्याएवढ्या. त्यातली एक ऑस्ट्रेलियातली, २०२१ ची, मला फार आवडते. ६० केअर होम्स, ७१९५ रहिवासी, निम्म्या होम्समध्ये जेवणात दूध, दही, चीज वाढवलं, कॅल्शियम रोजचं सातशेवरून साधारण साडेअकराशे मिलिग्रॅमवर गेलं, प्रोटीन वाढलं, आणि खुब्याची फ्रॅक्चर्स ४६ टक्के कमी झाली, पडणं ११ टक्के कमी. पैसा डेअरी उद्योगाकडूनही आला होता, हे सांगायलाच हवं, आणि म्हणूनच कुणीतरी सार्वजनिक पैशातून ती दुसरीकडे परत करून बघायला हवी.

वगळलेल्या माणसांबद्दल बोलायचं तर योशिहिरो सातो यांचं प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जपानमधले हे डॉक्टर, पक्षाघात झालेले, पार्किन्सनचे, अल्झायमरचे पेशंट, अशा लोकांमध्ये खुब्याची फ्रॅक्चर्स कशी टाळायची यावर ट्रायलमागून ट्रायल छापत होते, आणि निकाल डोळे दिपवणारे. २००५ मध्ये एका अग्रगण्य अमेरिकन जर्नलमध्ये त्यांचा पेपर आला, पक्षाघाताचे ६२८ पेशंट, फोलेट आणि बी-१२ दिल्यावर खुब्याची फ्रॅक्चर्स ८० टक्के कमी! नुसत्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी. न्यूझीलंडचे बोलंड, ग्रे, गॅम्बल आणि स्कॉटलंडच्या अ‍ॅव्हनेल या चौघांनी चिकाटीने त्यांच्या ३३ ट्रायल्स तपासल्या, तर चिठ्ठ्या टाकून पाडले असं दाखवलेले दोन गट एकमेकांशी इतके जुळत होते की नशिबाने तसं होणं शक्यच नव्हतं, आणि एवढे पेशंट एवढ्या थोड्या माणसांनी एवढ्या वेळात गोळा कसे केले हाही प्रश्न होताच. २०१६ मध्ये हे छापून आलं, नंतर पेपर्स मागे घेतले जायला लागले, पण तोवर ते आकडे इतरांच्या मेटा-अ‍ॅनालिसिसमध्ये (अनेक ट्रायल्सचे निकाल एकत्र करून केलेल्या विश्लेषणात) आणि गाइडलाइन्समध्ये जाऊन बसले होते.

लोक हे प्रकरण 'एक लबाड माणूस' म्हणून सांगतात. मला त्यात वेगळंच काही दिसतं. हे पेपर एवढे महत्त्वाचे का ठरले? कारण त्या पेशंट्सवर दुसरं कुणी मोठी ट्रायल करतच नव्हतं. पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेला माणूस पडणार, त्याच बाजूच्या हाडाची झीज झालेली असणार, त्याचा खुबा मोडणार, हे कुणालाही समजतं, पण त्याच्याकडून संमती घेणं अवघड, फॉलो-अपला येणं अवघड, मध्येच मृत्यू होण्याची शक्यता जास्त, मग डेटा 'खराब' होतो. म्हणून कुणी त्यांना घेत नाही. ती जागा रिकामी होती, ती खोट्या आकड्यांनी भरली गेली, आणि दुसरा कुठला खरा आकडा शेजारी नसल्यामुळे तो खोटा आहे हे ओळखायला इतकी वर्षं लागली.

औषधांच्या ट्रायल्समध्येही तेच. डेनोसुमॅब या हाडाची झीज रोखणाऱ्या इंजेक्शनची फ्रीडम ट्रायल घ्या, २००९, ७८६८ बायका, मणक्याची फ्रॅक्चर्स ६८ टक्के कमी, खुब्याची ४० टक्के कमी, अतिशय चांगलं काम. पण त्यात डायलिसिसच्या टप्प्यावर गेलेल्या बायका नव्हत्याच. बाजारात आल्यावर ते औषध डायलिसिसवाल्यांनाही दिलं जायला लागलं, कारण किडनीच्या पेशंटला इतर औषधं चालत नाहीत आणि हे किडनीवाटे जात नाही, सोयीचं. २०२४ च्या जानेवारीत एफडीएने त्यावर सगळ्यात कडक, चौकटीतली वॉर्निंग लावली, डायलिसिसवरच्या पेशंट्समध्ये रक्तातलं कॅल्शियम जीवघेणं खाली जाऊ शकतं म्हणून. औषधाला परवानगी मिळून तोवर १३-१४ वर्षं झाली होती. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. इंजेक्शन दर सहा महिन्यांनी घ्यायचं, आणि थांबवलं की झीज उसळून येते, मणक्यांच्या फ्रॅक्चरचं प्रमाण औषध चालू असताना वर्षाला १०० जणींमागे १.२ होतं ते थांबवल्यावर ७.१ झालं, काहींचे तर एकापाठोपाठ एक मणके बसले. औषध सुरू कसं करायचं याची आखणी होती, थांबवायचं कसं याची नव्हती. कोणती कंपनी स्वतःचं औषध बंद कसं करावं यावर पैसा घालेल?

मग लोक घाबरतात आणि सगळंच सोडून देतात, ही दुसरी बाजू. बिस्फॉस्फोनेट या झीज रोखणाऱ्या गटातल्या औषधांमुळे जबड्याचं हाड मरतं असे रिपोर्ट २००३ पासून आले, मांडीचं हाड मध्येच विचित्र पद्धतीने मोडतं असे २००५ पासून, पेपरात मोठमोठे मथळे झाले. त्यात २००८ मध्ये अमेरिकेत याच गटातल्या अ‍ॅलेन्ड्रोनेटचं पेटंट संपलं, मग कंपनीचा माणूस डॉक्टरकडे येऊन बसायचा बंद झाला. परिणाम असा की तिथे विमा असलेल्या पेशंट्समध्ये खुबा मोडल्यावर वर्षभरात हाडाचं औषध मिळालेल्यांचं प्रमाण २००२ मध्ये ४० टक्के होतं ते २०११ मध्ये २०-२१ टक्क्यांवर आलं. खुबा मोडलेला माणूस! त्याच्याइतका धोका कुणाला असणार, तरी पाचातल्या चौघांना काहीच नाही. आणि हे कधी होतंय, तर २००७ मध्ये खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत याच गटातल्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची वर्षातून एक ड्रिप दिली तर नवीन फ्रॅक्चर्स ३५ टक्के आणि मृत्यू २८ टक्के कमी होतात असा २१२७ पेशंट्सच्या ट्रायलचा निकाल समोर असताना. पुरावा होता, औषध होतं, पेशंट हॉस्पिटलच्या कॉटवरच होता.

भीती अगदी निराधार नव्हती, हेही सांगतो, कारण 'काही होत नाही हो, घ्या बिनधास्त' म्हणणारे डॉक्टर विश्वास घालवतात. कॅलिफोर्नियातल्या जवळपास १ लाख ९६ हजार बायकांचा दहा वर्षांचा डेटा २०२० मध्ये आला. तीन वर्षं औषध घेणाऱ्या दर १० हजार गोऱ्या बायकांमागे खुब्याची १४९ फ्रॅक्चर्स टळली आणि मांडीची ती विचित्र फ्रॅक्चर्स दोन झाली. आशियाई वंशाच्या बायकांमध्ये मात्र ९१ टळली आणि आठ झाली. अजूनही पारडं औषधाच्याच बाजूने जड आहे, पण हिशोब तोच नाही, आणि मूळच्या मोठ्या ट्रायल्समध्ये बहुसंख्य गोऱ्या बायका असल्यामुळे हा फरक औषध बाजारात येऊन पंचवीस वर्षं झाल्यावर एवढा स्पष्ट कळला.

माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा पुरावाही आहे आणि तो मोठा आहे. २००१ ची रिसेड्रोनेटची (हेही बिस्फॉस्फोनेटच) ट्रायल, नऊ हजारांवर बायका. त्यात सत्तरीतल्या, घनता कमी असलेल्या बायकांमध्ये खुब्याची फ्रॅक्चर्स ४० टक्के कमी झाली, पण ८० च्या पुढच्या, ज्यांना मुख्यतः पडण्याच्या धोक्यावरून निवडलं होतं, त्यांच्यात लक्षणीय फायदा दिसलाच नाही. म्हणजे 'आकडा सोडा, पडणारी माणसं निवडा' हे इतकं सरळ नाही, घनता कमी नसेल तर घनतेचं औषध काय करणार. बरं, मग पडणंच थांबवावं, तर तेही अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये २०२० मध्ये दोन मोठ्या ट्रायल्समध्ये करून बघितलं, व्यायाम, औषधांची छाननी, घरातल्या अडचणी दूर करणं वगैरे, आणि गंभीर इजा किंवा फ्रॅक्चर लक्षणीय कमी करता आली नाहीत. मला यातून एवढंच दिसतं की ८५ वर्षांच्या माणसाचं हाड का मोडतं हे अजून आपल्याला नीट माहीत नाही, आणि माहीत नाही म्हणून तिथे जास्त काम व्हायला हवं. झालं उलटंच, निकाल निराशाजनक आला आणि सगळे परत साठी-सत्तरीतल्या, चालत्याफिरत्या, सही करू शकणाऱ्या बायकांकडे वळले. पुरुषांचं तर नावच नको, खुबा मोडल्यावर पुरुष जास्त प्रमाणात दगावतात तरी त्यांच्या ट्रायल्स छोट्या आणि बहुतेक घनतेवरच संपणाऱ्या.

सार्वजनिक पैशातून काय होऊ शकतं याचं उदाहरण न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या गटाने घालून दिलंय. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड दरवर्षी द्यायचं असं लेबलवर लिहिलंय. यांनी विचारलं, दरवर्षी कशाला? २०१८ मध्ये २००० बायकांची ट्रायल, वय ६५ च्या पुढे, टी-स्कोअर त्या लाल रेघेच्या वरचा म्हणजे नुसता ऑस्टिओपेनिया (घनता कमी, पण ऑस्टिओपोरोसिसइतकी नाही), ड्रिप दीड वर्षातून एकदा, सहा वर्षांत ठिसूळपणाची फ्रॅक्चर्स ३७ टक्के कमी. मग २०२५ मध्ये आणखी पुढे गेले, पन्नाशीतल्या १०५४ बायका, दहा वर्षं, एका गटाला सुरुवातीला आणि पाच वर्षांनी अशा दोनच ड्रिप्स, एका गटाला आयुष्यात एकच, एका गटाला प्लासिबो. मणक्याचं नवीन फ्रॅक्चर प्लासिबोत ११.१ टक्क्यांना, एका ड्रिपवाल्यांत ६.६, दोन ड्रिपवाल्यांत ६.३. पंधरा-वीस मिनिटांची एक ड्रिप, दुसऱ्या दिवशी अंग मोडून ताप येतो काहींना, दोन दिवसांत जातो, आणि दहा वर्षं परिणाम टिकतो! आठवड्याची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्या, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही, असल्या अटींना कंटाळून वर्षभरात जवळपास निम्मे लोक गोळी सोडतात, त्यांच्यासाठी हे केवढं मोठं उत्तर आहे. 'कमीत कमी किती औषध पुरेल' हा प्रश्न विकणाऱ्याला कधीच पडत नसतो.

म्हणून एफडीएने खुब्याची घनता हा निकष मानायचा तर अटी घालून मानावा असं मला वाटतं. ओळखीच्या गटातल्या औषधांना तो चालेल, एकदम नव्या पद्धतीच्या औषधाला फ्रॅक्चर मोजावेच लागतील, निदान परवानगीनंतर तरी, ठरलेल्या मुदतीत. औषध थांबवल्यावर काय होतं याचा भाग पहिल्या दिवसापासून ट्रायलमध्ये हवा. किडनीचे पेशंट, ऐंशीच्या पुढचे, वेगवेगळ्या वंशांचे लोक यांचे आकडे नसतील तर लेबलवर तसं मोठ्या अक्षरात छापावं. छोट्या ट्रायलमुळे कंपनीचा जो पैसा वाचेल त्यातला काही भाग फ्रॅक्चरच्या नोंदवह्यांसाठी सक्तीने घ्यावा, ग्लासगोमध्ये १९९९ पासून फ्रॅक्चर लायझन सर्व्हिस चालते, फ्रॅक्चर होऊन आलेल्या प्रत्येकाला एक नर्स शोधून काढते आणि हाडाच्या तपासणीपर्यंत नेते, तसं जाळं असेल तर नोंदी आपोआप तयार होतात.

आणि सरकारी ग्रँटमधून पहिली कोणती ट्रायल करावी असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. खुब्याच्या ऑपरेशननंतर झोलेड्रोनिक अ‍ॅसिड देण्याच्या त्या २००७ च्या ट्रायलच्या नंतरच्या विश्लेषणात असं दिसलं की ऑपरेशननंतर पहिल्या दोन आठवड्यांत ड्रिप दिली तर फायदा दिसत नाही, त्यानंतर दिली तर दिसतो. हे विश्लेषण मागाहून केलेलं, म्हणून पक्कं नाही. पण त्यावरून बऱ्याच ठिकाणी 'नंतर देऊ' म्हणून पेशंटला घरी पाठवतात, डिस्चार्जच्या कागदावर रक्त पातळ करायचं औषध असतं, वॉकर असतो, टाके कधी काढायचे ते असतं, हाडाच्या औषधाची ओळ नसते, आणि तो परत येतच नाही, कारण चालता येत नसलेल्या माणसाला एका ड्रिपसाठी उचलून कोण आणणार. मग पाचव्या दिवशी कॉटवरच दिलेली, कदाचित थोडी कमी उपयोगाची ड्रिप बरी, का सहाव्या आठवड्यात द्यायची ठरवलेली आणि बहुतेकांना न मिळालेली? दोन गट करायचे, घरी गेलेला, नर्सिंग होममध्ये गेलेला, विसरभोळा, डायबेटिसवाला, जो येईल तो घ्यायचा (ज्याची किडनीच साथ देत नाही तो सोडून), आणि दोन वर्षांनी दुसरं हाड कुणाचं मोडलं ते मोजायचं. या औषधाचं पेटंट कधीच संपलंय त्यामुळे कुठलीही कंपनी हे करणार नाही, आणि यातल्या बऱ्याच लोकांना डेक्साच्या टेबलावर सरळ झोपताही येणार नाही, त्यामुळे घनतेच्या आकड्यावर हे भागणारही नाही.